चंद्रिकेचं अंथरूण

प्रभूचा फोन आला तेव्हा नळ चालू होता, आणि सोलापुरात नळ चालू असताना शहाणा माणूस फोन घेत नाही. आज पाणी गेलं की पुन्हा चार-पाच दिवसांनी तोंड दाखवणार. पण प्रभूचा फोन न घेऊन सुंदरम्माला चालत नसे. तिचा हा मुलगा सैन्यात हवालदार. उत्तरेकडे डोंगरातल्या अशा ठाण्यावर होता, की तिथं बायकापोरांना नेता येत नाही आणि घरी बोलायचं तर रेंज येईल तेव्हाच. तिने पाइप पिंपात सोडला, ओले हात पदराला पुसले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. तिथं आवाज नीट यायचा.

तो घाईत होता. लेक चंद्रिका कशी आहे, विचारलं. शाळेत गेलीय, असं तिने सांगितलं. मग म्हणाला, रविवारी सैनिक कार्यालयातून कुणीतरी घर बघायला येईल. घरभाड्यासाठी दरवर्षी लिहून द्यावंच लागतं, यंदा ते स्वतः येऊन बघणार आहेत, एवढंच. घाबरायचं काही नाही, आहे ते दाखव. एवढं म्हणेपर्यंत रेंज गेली.

सुंदरम्मा तशीच बसून राहिली. पिंप भरून पाणी जिन्यावरून वाहायला लागलं आणि खालून घरमालकीण वच्छलाबाईंनी हाक मारली, तेव्हा ती उठली. आहे ते दाखवायचं, इथंच तर पंचाईत होती.

विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत, वच्छलाबाईंच्या घरावरच्या दोन खोल्या. पुढची जरा मोठी, मागची स्वयंपाकाची, बाहेर जिन्याला लागून मोरी. त्यांचं भाडं सरकार देत होतं. म्हणजे सरकार प्रभूला द्यायचं आणि प्रभू वच्छलाबाईंना पाठवायचा. ज्या जवानाला बायकापोरं बरोबर ठेवता येत नाहीत, त्याने त्यांच्यासाठी जे गाव निवडलं असेल तिथल्या घराचं भाडं मिळतं, अशी सैन्यात रीत आहे. प्रभूने सोलापूर निवडलं होतं. पोरीची शाळा होती म्हणून, आणि आईला मंद्रूपहून हलवायचं होतं म्हणूनही.

सुंदरम्माच्या डोक्यावरचं छप्पर आजवर कधी स्वतःच्या पायावर उभं राहिलं नव्हतं. लग्न होऊन ती सोलापुरात आली ती गिरणीच्या चाळीत. नवरा मल्लप्पा साचेखात्यात, मागावर कामाला होता. पहाटेचा भोंगा वाजला की सगळी चाळ एकदम जागी व्हायची, चुली पेटायच्या, आणि पोरं भोंग्याच्या सुरात सूर मिसळून ओरडायची. तो भोंगा बंद पडला त्याला किती वर्षं झाली, तरी अजून पहाटे तिला त्या वेळेला जाग यायचीच. गिरणी गेली तशी खोलीही गेली, कारण खोली गिरणीची होती. मग मंद्रूप. तिथं मल्लप्पाचे थोरले भाऊ गुरुबसप्पा यांच्या घरात, ज्वारीच्या पोत्यांशेजारी दोन माणसं झोपतील एवढी जागा मिळाली. मल्लप्पा तिथंच गेला. त्यानंतर एकटीची जागा आणखी आकसली. कुणी तिला वाईट वागवलं, असं नाही. पण त्या घरात पाणी प्यायचं तरी जावेच्या तोंडाकडे बघून प्यावं लागे.

आणि आता या वयात ही खोली. दाराला कुलूप, कुलपाची किल्ली तिच्या कमरेला. चहा कधी करायचा, हे कुणाला विचारायचं नाही. खिडकीतून बाभळीचं झाड आणि त्यावर सकाळी येणारे पोपट दिसायचे. दुपारी दार लोटून घेऊन ती नुसती बसून राहायची, तेव्हा तिला वाटायचं, देवाने उशिरा का होईना, लक्ष दिलं.

पंचाईत होती ती अशी. प्रभूचा आणि शिवानीचा घटस्फोट झाला होता. दोघांत भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा नवरा आणि घरात एकटी राहून राहून गप्प झालेली बायको. सुट्टीत दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखं वागायची, आणि सुट्टी संपली की दोघांनाही हायसं वाटायचं. एका वर्षी दोघांनी तसं बोलून टाकलं. कोर्टात दोघांच्या संमतीने झालं सगळं. प्रभूने एकाच गोष्टीचा हट्ट धरला, पोर माझ्याकडे राहणार. शिवानीत भांडायचं त्राण उरलं नव्हतं. ती कुंभारीला माहेरी गेली, शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला लागली, आणि चंद्रिका अज्जीपाशी राहिली.

हे सगळं मंद्रूपला मात्र कुणाला सांगितलेलं नव्हतं. आपल्यात असलं होत नाही, असं ज्या घरात मानतात, तिथं ते सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? जाऊ विचारायची, सून कुठं आहे गं? सुंदरम्मा म्हणायची, माहेरी, तिच्या आईचं दुखतंय. गुरुबसप्पांना तेच. जत्रेत भेटलेल्या नणंदेला तेच. आता शिवानीच्या आईचं दुखणं इतकं लांबलं होतं, की एकदा जावेने तिच्यासाठी अंगारा पाठवला होता. प्रभूही गावी आला तर खाली मान घालून, हो, ती माहेरीच आहे, असं म्हणायचा.

मग जे मंद्रूपला सांगितलं नाही, ते पोरगा पलटणीत कशाला सांगेल? सुंदरम्माने तसंच धरलं होतं.

वच्छलाबाईंनी ते आणखी पक्कं केलं. त्या वर आल्या, ओल्या जिन्याबद्दल आधी दोन शब्द बोलल्या आणि मग सगळं ऐकून घेतलं. त्यांचा भाचा कुठंतरी होमगार्डात होता, त्यामुळे फौजेतलं सगळं आपल्याला कळतं, असा त्यांचा समज.

"अवं मावशी, मिल्ट्री भाडं देती ते बायकोपोरांसाठी. म्हाताऱ्या आयसाठी कोण देतंय? त्यो मानूस आला आणि सून दिसली न्हाय, तर इचारंल का न्हाय, बायको कुटं हाय? मग?"

"मग काय करू?"

"सुनेला एक दिस आना की. डोक्यावर पदर घील, च्या करंल, झालं. माझं एक ग्रामवालं, मुलाम्याचं मंगळसूत्र हाय, ते देते. पन परत द्या बाई, लगीनसराईत लागतंय."

सुंदरम्माला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बस धरून कुंभारीला गेली. कामगारांच्या त्या वसाहतीत सगळी घरं एका साच्यातली, आणि तिचे डोळे ऑपरेशननंतरही तितकेसे साफ नव्हते, त्यामुळे दोन दारं चुकली. तिसऱ्या दारात शिवानीची आई सुपात विड्या वळत बसलेली दिसली. बाईंना काही दुखत नव्हतं. उलट सुंदरम्मापेक्षा त्याच ठणठणीत होत्या.

शिवानी नुकतीच कामावरून आली होती. केसात धाग्याचे तुकडे होते. तिने सगळं ऐकलं आणि थकल्यासारखी हसली.

"अत्ती, मी सही करून सुटले की ओ. आता परत तुमची सून व्हायचं?"

"एक दिस, शिवानी."

"मंगळसूत्र तर मोडलं मी. शिलाई मशीन घेतलं त्यातनं."

"वच्छलाबाईचं हाय."

शिवानी बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. चंद्रिका आतल्या खोलीत जमिनीवर वही पसरून गृहपाठ करत होती. तिचं दप्तर, तिचे बूट, दोरीवर वाळत घातलेला तिचा गणवेश, कोपऱ्यात घडी करून ठेवलेली तिची निळी गोधडी, सगळं तिथंच. सुंदरम्माच्या डोळ्यांसमोर होतं, पण तिला त्यात वेगळं काही दिसलं नाही. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा पोर आठ दिवस म्हणून आईकडे आली. आठाचे पंधरा झाले. शाळेची रिक्षा कुंभारीवरून, अक्कलकोट रोडनेच जाते, म्हणून इथूनच सोयीचं पडायला लागलं. मग हळूहळू उलटंच होऊन बसलं. पोर आईकडे, आणि शनिवारी दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत अज्जीकडे. तसं कुणी ठरवलं नव्हतं. प्रभूला सांगायचं राहून गेलं, आणि एकदा राहून गेल्यावर पुन्हा कसं काढावं, हेही कळेना. तो बहुतेक रविवारीच फोन करायचा, तेव्हा पोर अज्जीकडेच असायची, आणि सुट्टीवर तो त्यानंतर आलाच नव्हता.

"येते मी," शिवानी शेवटी म्हणाली. "त्यांच्यासाठी न्हाय हां. तुमची खोली जाईल म्हणून."

रविवारी सकाळी ती आली ती पिशवीत दोन साड्या घेऊन, वापरातल्या वाटाव्यात म्हणून जुन्याच. त्या दोरीवर टाकल्या. आरशापाशी टिकल्यांचं पाकीट ठेवलं, मोरीच्या फळीवर कंगवा ठेवला. माळ्यावरून लग्नाचा फोटो काढून पुसला. स्वयंपाकघरात गेली आणि न बघता हात वर केला, तर मिठाची बरणी जुन्याच जागी हाताला लागली. शिवानी क्षणभर तशीच उभी राहिली. सुंदरम्माने ते पाहिलं आणि उगाच कणीक काढायला वळली.

मग दोघींनी मिळून चंद्रिकेला समजावलं. साहेबांनी विचारलं, आई कुठं राहते, तर काय सांगायचं? इथंच राहते. रोज स्वयंपाक कोण करतं? आई करते. नऊ वर्षांची पोर, तिला पाढ्यासारखं लगेच पाठ झालं.

"आणि मी कुठं राहते म्हणून सांगू?" तिने विचारलं.

तेवढ्यात फोटोचा खिळा भिंतीतून निसटला आणि फोटो सुंदरम्माच्या हातातून पडता पडता वाचला. त्या गडबडीत पोरीचा प्रश्न तसाच राहिला.

सुभेदार हिंदुराव जेवणाच्या सुमाराला आले. नातेपुत्याचे. पलटणीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, आता सैनिक कार्यालयातर्फे सैनिकांच्या घरची कामं बघत. गुडघे दुखत होते, म्हणून जिन्यात दोनदा थांबले. वर येऊन हेल्मेट खाली ठेवलं, पाणी मागितलं आणि खुर्ची दिली होती तरी सतरंजीवर बसले. थकलेला माणूस. असल्या घरांत जाऊन जाऊन, काय बघायला मिळणार हे दारातच कळत असावं, असा चेहरा.

शिवानी डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली. त्यांनी कप घेतला, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, तिच्या गळ्यातल्या चकचकीत मण्यांकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, आज पोरीला भेटायला आला व्हय?"

शिवानीने पदर आणखी पुढं ओढला. चंद्रिका मात्र तत्परतेने म्हणाली, "आई इथंच राहते. स्वयंपाक आईच करते."

हिंदुरावांना हसू आलं, पण त्यांनी ते कपात लपवलं. मग सुंदरम्माकडे वळून सांगितलं, हवालदारसाहेबांनी कोर्टाचा निकाल पलटणीत केव्हाच दिलाय. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, लग्न मोडलं, सगळ्याची नोंद होते. आम्हाला ते ठाऊक आहे. लपवायसारखं त्यात काही नाही. फौजेत अशी घरं पुष्कळ आहेत.

"मग भाडं?" सुंदरम्माने विचारलं.

"भाडं चालूच हाय की, मावशी. बायको न्हाय, पर पोरगी हाय न्हवं त्यांच्या ताब्यात? तिच्यासाठीच तर देत्यात."

सुंदरम्माचे हात मांडीवर सैल पडले. दोन दिवसांची सगळी धडपड, उसनं मंगळसूत्र, तो फोटो, सगळं उगाचच. पण त्याहून एक वेगळीच गोष्ट तिला लागली. पोरगा परक्या माणसांना सांगून मोकळा झाला होता. गुरुबसप्पांच्या ओसरीवर ज्याची जीभ रेटत नव्हती, तो कुठल्याशा ऑफिसात साहेबापुढे ताठ उभा राहून म्हणाला असेल, माझं लग्न मोडलं. एकट्याने म्हणाला असेल.

शिवानीने पदर खाली घेतला. मंगळसूत्र काढून खिडकीत ठेवलं आणि हुश्श करून भिंतीला टेकली. आता ती पुन्हा कुंभारीची शिवानी झाली होती. घटकाभर खोलीत जरा बरं वाटलं. हिंदुराव म्हणाले, उन्हात डोकं उठलंय, आणखी अर्धा कप चालेल.

तो अर्धा कप संपल्यावर ते म्हणाले, "आता तेवढं पोरीचं दाखवा. अंथरूण, दप्तर, कापडं कुटं ठेवती ते. तेवढं बघितलं की झालं माझं काम."

सुंदरम्मा उठली. उठली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. कपाट उघडलं, तर वरच्या फळीवर एक फ्रॉक होता, तोही आखूड झालेला. खाली एक टॉवेल, रंगीत खडूंची अर्धी पेटी. अंथरूण तर नव्हतंच. शनिवारी पोर तिच्याच वाकळेत शिरायची. दप्तर कुंभारीला, गणवेश कुंभारीला, बूट कुंभारीला. सकाळपासून तिघींनी मिळून हे घर शिवानीच्या वस्तूंनी भरून टाकलं होतं, आणि पोरीचं इथं काहीच नव्हतं.

हिंदुरावांनी उघड्या कपाटाकडे बघितलं. मग खाली मान घातली. त्यांनाही ते बघायची हौस नव्हती.

"इथंच राहते ती," शिवानी म्हणाली. आवाज अगदी सरळ. "काल सामान माझ्याकडं आणलं होतं, धुवायला म्हणून. अंथरुणासकट. ते तिकडंच राहिलं बघा."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सुंदरम्माने वळून तिच्याकडे बघितलं, पण शिवानीने तिच्या नजरेला नजर दिली नाही.

हिंदुरावांनी रिकामा कप बाजूला सारला. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. "तुमी म्हनताय तर लिहितो तसं," ते शिवानीला म्हणाले. "आई समोर हाय, तर आईची बी सही घेतो. पोरगी बापाच्या घरीच राहती, म्हनून. पर ताई, ह्यो कागद कायमचा ऱ्हातो. उद्या काय वाद झाला, तर तुमच्याच सहीचा म्हनून तुमच्यापुढं येनार."

"माहिताय मला," शिवानी म्हणाली आणि पेन घेतलं.

सुंदरम्माला प्रभू आठवला. वाईट नव्हता पोरगा, पण हट्टाला पेटला की ऐकणारा नव्हता. कधी काळी कुणी कान भरले, पोर बापाकडे नाही असं त्याला कळलं, तर हाच कागद तो कोर्टात ठेवेल. आणि ही बाई, जिने मंगळसूत्र मोडून मशीन घेतलं आणि त्या मशीनवर रात्रंदिवस परक्यांच्या पोरांचे कपडे शिवून स्वतःची पोर सांभाळतेय, ती एका सहीने पोर सोडून देत होती. कशासाठी? एका म्हातारीच्या कमरेची किल्ली कमरेला राहावी म्हणून.

चंद्रिका आईला चिकटून उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"शिवानी, पेन ठेव," सुंदरम्मा म्हणाली.

"अत्ती, तुम्ही गप बसा."

"ठेव म्हनते न्हवं." ती कपाटाला टेकून खाली बसली. "साहेब, पोर आईकडं झोपती. कुंभारीला. माझ्याकडं शनवारची येती. वरीस होत आलं. माझ्या पोराला ह्ये ठाऊक न्हाय. त्येला मीच सांगितलं न्हाय, त्येची काय चूक न्हाय."

हिंदुरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. नियम त्यांनी केलेला नव्हता. तरी तो सांगायची वेळ त्यांच्यावरच यायची. त्यांनी समजावून सांगितलं. पोर बापाच्या घरी राहत नसेल, तर घराचं भाडं थांबतं. पोरीच्या खर्चाचं कोर्टातून वेगळं ठरवून घ्यावं लागेल, ते तिच्या आईकडे जाईल. पण या खोलीला त्यातलं काही मिळणार नाही. आईसाठी म्हणून वेगळं घरभाडं नसतं.

मग ते जरा पुढं सरकले. "मावशी, घाई कशाला करताय? ताबा तुमच्या पोराचा हाय. पोरगीला उद्यापासनं हितं आना. मी कागद कोरा ठेवतो, पुढच्या महिन्यात परत येतो. तवा ती हितं दिसली, तर मला दुसरं काय लिहायचं कारन न्हाय."

शिवानीचा हात पोरीच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. बोलायचा हक्क नाही, हे तिला ठाऊक होतं. कोर्टाने तसंच लिहून दिलं होतं.

सुंदरम्माने खोलीकडे बघितलं. स्वतः धुऊन लख्ख केलेली फरशी, खिडकीतली तुळस, दाराची कडी. मनात आलं, आणावी की. नात आहे आपली, कुणी परकी थोडीच आहे? सोय होईल. चार दिवस रडेल, मग रमेल. मंद्रूपच्या ज्वारीच्या पोत्यांचा वास तिच्या नाकात आला. तिने तोंड उघडलंही. पण ऑपरेशनच्या आधी, पोर तिच्याजवळच राहत असताना, काय व्हायचं ते तिला पुरतं ठाऊक होतं. पोर झोपेत उठायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. रडायची नाही. नुसती कडीला हात लावून उभी. सुंदरम्मा उठून तिला परत आणायची. ती निमूट यायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा दाराशी.

"न्हाय, साहेब," ती म्हणाली. "तिला हितं झोप लागत न्हाय. मला ठाऊक हाय की. मी जागीच असती."

हिंदुरावांनी कागदावर लिहिलं, वाचून दाखवलं आणि सुंदरम्माने कन्नडमध्ये सही केली, तिला तीच लिपी येत होती. मग शिवानीने ताटं वाढली. साहेब नको नको म्हणाले, पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर आल्यावर बसले. जेवताना त्यांनी नातेपुत्याकडच्या पावसाचं सांगितलं, गुडघ्यांच्या तेलाचं सांगितलं. खोलीतल्या गोष्टीचं कुणी काढलं नाही. निघताना जिन्याच्या तोंडाशी थांबले.

"माझा कागद जायच्या आदी तुमचा फोन जाऊ द्या, मावशी. पोराला तुमच्याच तोंडनं कळू द्या."

शिवानी भांडी घासून, फोटो माळ्यावर टाकून, साड्या पिशवीत भरून उन्हं कलल्यावर निघाली. चंद्रिकेने खडूंची पेटी बरोबर घेतली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, कपाटात परत ठेवली. दारात शिवानी म्हणाली, तुम्ही कशाला बोललात, मी केली असती की सही. सुंदरम्मा म्हणाली, बस चुकंल, जा. शिवानीने वाकून नमस्कार केला. कोर्टानंतर ती वाकून नमस्कार करत नसे, आणि सुंदरम्मालाही ती आशा उरली नव्हती. आशीर्वाद कुठला द्यायचा, ते न सुचून ती नुसतंच, "हं, हं," म्हणाली.

त्या वळणाआड गेल्या, तशा वच्छलाबाई मंगळसूत्र न्यायला वर आल्या. काय झालं, ते सुंदरम्माने थोडक्यात सांगितलं. खोली बहुतेक सोडावी लागेल. वच्छलाबाई मणी हातात घेऊन उभ्या राहिल्या. आपल्या सल्ल्याचं त्यांनी काही काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, तुमच्यासारखी शांत भाडेकरू मिळायची नाही. मग, महिनाभर तरी राहा, असं पुटपुटून खाली गेल्या.

सुंदरम्मा पायरीवर येऊन बसली. रोज प्रभूच्या फोनची वाट बघायची. आज तो येऊच नये, असं वाटत होतं. पण आला. दिवस मावळायच्या सुमाराला, आवाज नेहमीपेक्षा स्वच्छ. साहेब आले होते का? आले होते. काय म्हणाले? मग तिने सांगितलं. वर्षभराचं सगळं, मधे न थांबता. थांबली असती, तर पुढचं बाहेर आलं नसतं. शिवानीला उगाच बोलावलं, ते सांगितलं. शिवानी काय खोटं बोलली, तेही सांगितलं. पोर दाराशी कशी उभी राहायची, ते सांगितलं.

तिकडून काहीच आवाज येईना. तिला वाटलं, रेंज गेली.

"प्रभू?"

"आहे." नंतर एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "वरीसभर, अव्वा? मी दर रविवारी विचारतो की. वरीसभर तू मला..." आणि तिथंच थांबला. मागे कुणीतरी हिंदीत काहीतरी ओरडत होतं, भांडी वाजत होती. जेवणाची वेळ असावी.

"मंद्रूपला तू तरी कुटं सांगितलास?" ती म्हणाली. त्याला टोचायला नव्हे. तिचं तिलाच नवल वाटत होतं.

भांड्यांचा आवाज मागं पडला, तो बाजूला गेला असावा. श्वासाचा आवाज येत राहिला.

"मग तू कुटं राहशील?"

"काकाकडं. जागा हाय की."

"नको तिकडं."

"बघू. महिना हाय अजून."

समोरच्या बाभळीवर पाखरांची कलकल वाढली होती, आणि फोन कानाला जरा घट्ट धरावा लागत होता.

"आत्ता कुटं आहे ती?" प्रभूने विचारलं.

"गेली आईबरोबर. बशीनं."

"पोचल्या का?"

"काय की. पोचल्या असतील."

"विचार तिला. शिवानीला." तो अडखळला. "मी लाइन धरून बसतो... न्हाय, नको, हे कट होईल. तू तिला फोन कर आणि मला मिस कॉल दे. पोचल्या असतील, तर नुसता मिस कॉल दे."

फोन ठेवला गेला. सुंदरम्माने चष्मा लावला आणि बारीक अक्षरांच्या यादीत शिवानीचं नाव शोधायला लागली.